पद्माक्काचं बोलावणं

परवा आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'जे मत देत नाहीत त्यांचं रेशन बंद करा, पासपोर्ट काढून घ्या, मग बघा कसे येतात.' खाली धडाधड अंगठे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! यातल्या निम्म्या लोकांना आपल्या शेजारच्या दारामागे कोण राहतं हे माहीत नाही, आणि निघालेत माणसांना मानगूट धरून लोकशाही शिकवायला. मी उत्तर टाइप करायला घेतलं, नवऱ्यानं फोन काढून घेतला. म्हणाला, "तुझ्या अंगात पद्माक्का येते हल्ली." येऊ दे की. कुणाच्या तरी अंगात यायलाच हवी.

पद्माक्का आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची. मद्रासला, तांबरम पूर्वेला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर आमची जुनी तीन मजली इमारत आहे. मी साताऱ्याजवळची, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेली. अक्का तंजावरकडच्या मराठ्यांपैकी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथलीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सगळी नोकरी गेली. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'बोला!' असं दरडावायची, आणि समोरचा मुकाट्यानं बोलायचा. तिची मराठी मला इथं जशीच्या तशी उतरवता येणार नाही. 'पाहिजे' म्हणायचं तिथं ती 'होणा' म्हणे, 'सांगितलं'ला 'सांगटलं', आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल असा काही काढायची की मला पहिले सहा महिने वाटायचं ही प्रत्येक गोष्ट मला विचारतेच आहे. तिच्या हिशोबी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस पुण्याचा. मी सातारा सातारा म्हणून घसा सुकवला, पण तिनं मला शेवटपर्यंत 'ए पुणेवाली' अशीच हाक मारली.

तिची माझी ओळख झाली तीच मुळी माझ्या फजितीनं. आम्ही नवीन राहायला आलो होतो. एका सकाळी बेल वाजली. दारात ठेंगणीशी, जाड भिंगांची बाई, अंगावर काठाची रेशमी साडी, हातात चांदीचं तबक. तबकात कुंकू, हळदीच्या अक्षता, खडीसाखर. मला कुंकू लावलं, हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाली, "उद्या यायचं हो. दोघांनी यायचं. सातला सुरू. उशीर नको."

"कुठं?"

"कोपऱ्यावरची शाळा."

आणि गेली वरच्या मजल्यावर. आता मला सांगा, याला माणूस काय समजेल? लग्नच ना! नवरा म्हणाला, उद्या निवडणुकीची सुट्टी आहे, ती साधून काढलं असेल लग्न. इकडे मुहूर्त पहाटेचेच असतात हेही ऐकून होतो. शाळेचा हॉल स्वस्तात मिळाला असेल. दुसऱ्या दिवशी मी पैठणी नेसले, नवऱ्याला झब्बा घालायला लावला, स्टीलचा भला मोठा डबा चकचकीत कागदात बांधून घेतला आणि सातच्या ठोक्याला शाळेच्या फाटकात हजर! फाटकावर पोलीस. त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा कानाला लावून हलवला. मागं रांगेतली माणसं हसायला लागली. रांगेत सगळ्यात पुढं पद्माक्का. काय झालं ते तिला क्षणात कळलं. तोंडावर पदर धरून ती इतकी हसली, इतकी हसली, की मतदान अधिकाऱ्यानं आतून डोकं बाहेर काढलं.

हसून झाल्यावर डोळे पुसत मला विचारलं, "तुझं मत कुठंय?"

"साताऱ्याला."

"तिथं एकटं काय करतंय ते?"

मी डबा काखेत मारून घरची वाट धरली. पण त्या दिवसापासून तिनं माझ्या मागं जी भुणभुण लावली ती माझं नाव तांबरमला येईपर्यंत सोडली नाही. कॉफी प्यायला बोलवायची आणि पेला हातात द्यायच्या आधी विचारायची, "आलं का तुझं मत गावाहून?" जणू माझं पोरगंच मी आजोळी टाकून आले होते.

तर हे तिचं बोलावणं. दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी, मग ती दिल्लीची असो नाही तर वॉर्डाची, अक्का नेसून-सवरून तबक घेऊन सगळ्या इमारतीत फिरायची. कुणाला मत द्या असा शब्द नाही. कुणाला दिलं असा प्रश्न नाही. एखाद्यानं आपणहून सांगायला तोंड उघडलं तर कानावर हात ठेवायची. मी एकदा विचारलं की पेपरात येतं, टीव्हीवर येतं, रिक्षावर भोंगे लावून ओरडतात, मग तुम्ही कशाला जिने चढता? तर म्हणाली, "भोंगा बोलावतो होय? भोंगा हाकलतो. घरच्या कार्याला माणसानं दारात जाऊन बोलवायचं असतं. आणि बोलावलं की आपलं काम संपलं. येणं न येणं त्याचं."

म्हणून ती न येणाऱ्यांना सोडायची असं मात्र नाही हं. तिसऱ्या मजल्यावरचा कार्तिक आयटीत होता. चांगला धडधाकट माणूस, लठ्ठ पगार, आणि मतदानाची सुट्टी म्हणजे समुद्राकाठच्या रिसॉर्टला पळायची सुट्टी. सोमवारी तो काळा गॉगल लावून परत आला की अक्का जिन्यात उभी. "झाली मजा? बरं झालं. तुझ्या वाटचं सरकार आम्ही निवडून ठेवलंय हो. आवडलं नाही तर बदलून मागू नको." मला म्हणायची, "कोमट कॉफी आणि कोमट माणूस, दोन्ही मला घशाखाली जात नाहीत." पण पुढच्या खेपेला कार्तिकच्या दारात तबक घेऊन पुन्हा तितक्याच गोडीनं जायची. मला तिचा हा गोडवा कधी कळला नाही. मी असते तर दारावर लाथ घातली असती.

आणि तळमजल्यावरची वसंता. एकटी बाई, ब्लाउज शिवायची, गळ्यात कायम टेप. शिलाई चोख, बोलणं मोजकं. अक्का तबक घेऊन निघाली की पहिलं दार वसंताचं. वसंता कुंकू लावून घ्यायची, खडीसाखर घ्यायची आणि मान खाली घालून म्हणायची, "इल्लै, अक्का." नाही, अक्का. अक्का म्हणायची, "सरी, बरं," आणि जिना चढायला लागायची. वर्षानुवर्षं हेच. एकदा मी न राहवून विचारलं, ही का देत नाही हो मत? अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या देवघरात चपला घालून शिरले होते. "मला काय माहीत? मी बोलवायला जाते. चौकशीला नाही."

आता राजगोपालन. आमचे सेक्रेटरी, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे, प्रामाणिक. हे मुद्दाम सांगते, कारण माणूस वाईट नव्हता आणि राग येतो तो त्यामुळेच जास्त. अक्कासारखंच त्यांनाही मतदानाचं वेड होतं. पण त्यांचं म्हणणं, सक्ती हवी. दोघं फाटकाशी वाद घालत उभी राहिली की दूधवाल्यालाही वाट मिळत नसे.

राजगोपालन म्हणत, "हेल्मेटची सक्ती चालते, टॅक्सची चालते. मग मताची का नाही?"

अक्का म्हणे, "हेल्मेट डोकं झाकायला. मत डोकं चालवायला. झाकायची सक्ती करशील, चालवायची कशी करशील?"

एकदा मात्र राजगोपालननी बिनतोड बोलून दाखवलं. म्हणाले, "अक्का, उन्हात रांगेत गरीब उभा राहतो आणि एसीतला माणूस घरात झोपतो, आणि मग तोच देशाच्या नावानं बोटं मोडतो. सक्ती केली तर दोघं एका रांगेत येतील." अक्कानं चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "हे तुझं खरंय. पण त्याला लाज वाटली पाहिजे, राजगोपालन. दंड भरून लाज सुटते." त्या दिवशी दोघांनी एकत्र कॉफी घेतली.

मग तो उन्हाळा आला. मद्रासचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. बोअर आटली, जमिनीतली टाकी कोरडी पडली, आणि एक दिवसाआड पाण्याची लॉरी फाटकाशी येऊन उभी राहू लागली. प्रत्येक घरानं आपापल्या रंगीत प्लास्टिकच्या घागरी आणून रांगेत लावायच्या. त्यातच निवडणूक. राजगोपालनच्या डोक्यात आलं की आपल्या इमारतीत शंभर टक्के मतदान झालं पाहिजे. तसा फलकही त्यांनी रंगवून घेतला. आणि गच्चीवर मीटिंग बोलावून ठराव मांडला, की मतदानानंतर बोटावरची शाई दाखवेल त्या घराला आधी पाणी, शाई नसेल त्याला उरलं तर.

उरलं तर! लॉरीतलं पाणी कधी उरलंय का? शेवटच्या दोन घरांना रोज गाळ मिळत होता. म्हणजे साध्या भाषेत, मत नाही तर पाणी नाही. आणि मत न देणारं घर होतं तरी कुठलं? कार्तिक बाटल्या मागवून आंघोळ करणारा, त्याला काय फरक पडतो? फरक पडणार होता एका वसंताला, आणि हे त्या गच्चीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी हात वर व्हायला लागले. मला तेव्हा एकेकाच्या हातावर छडी मारावीशी वाटत होती.

राजगोपालन अगदी सौम्यपणे म्हणाले, "योग्य कारण असेल तर सूट आहे. आजारपण असेल, प्रवास असेल. कुणाचं काही कारण असेल तर आताच सांगावं." आणि वसंताकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

वसंता उठून उभी राहिली. गळ्यातली टेप दोन्ही हातांनी पिळत होती. तिनं बोलायला तोंड उघडलं.

"वसंता! बस खाली. एक अक्षर बोलू नको."

अक्काचा तो एक्स्चेंजमधला आवाज. गच्चीवरचे कावळे उडाले. ती राजगोपालनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ती त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"आत त्या पुठ्ठ्याआड मी कुठलं बटण दाबते, तू विचारू शकतोस?"

"नाही. ते गुप्त आहे."

"का गुप्त? कारण ते माझं. मग ती बाहेर राहते ते तिचं नाही? मला आडोसा देतोस आणि तिला चारचौघांत उभी करून कारण विचारतोस? तिचं कारण योग्य की अयोग्य हे तू ठरवणार? तू कोण रे? तिचा नवरा, बाप, न्यायाधीश? ती येत नाही तेव्हा मला वाईट वाटतं. दर वेळी वाटतं. पण ते माझं मी गिळते. तुला गिळता येत नाही म्हणून तिचं पाणी तोडणार?"

ठराव तरीही पास झाला. बहुमतानं! हेही आपल्याकडे लोकशाहीच म्हणायचं. वसंताचं कारण मला आजही माहीत नाही. अक्काला माहीत होतं असं मला वाटत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी अक्का नेहमीसारखी तबक घेऊन फिरली. राजगोपालनच्या दारातही गेली. मी म्हटलं, "तुम्ही या खेपेला मत देऊच नका, अक्का. तेवढीच त्यांची शंभर टक्क्यांची जिरेल." ती माझ्यावरच उसळली. "त्या माणसापायी मी माझं मत टाकू? वेड लागलंय का मला?" आणि सकाळी सातला रांगेत पहिली.

दुसऱ्या दिवशी लॉरी आली. राजगोपालन पाइपाजवळ खुर्ची टाकून बसले. लोक येत होते, डाव्या हाताचं बोट दाखवत होते, पाणी नेत होते. वसंता आपली एक घागर घेऊन सगळ्यात मागं उभी होती. अक्काची पाळी आली. तिनं डावा हात पुढं केला. मूठ घट्ट मिटलेली.

"बोट, अक्का."

"नाही दाखवणार."

"अहो, मी स्वतः पाहिलंय तुम्हाला रांगेत. पहिल्या होता."

"पाहिलंस ना? मग बोट कशाला होणा? मी इथं राहते म्हणून मला पाणी. मत दिलं म्हणून नाही. मताची मजुरी घ्यायला मी आले नाही."

तिच्या मागं मी. मीही मूठ मिटली. मला कुणी शूर म्हणू नका, मला नुसता संताप आला होता आणि संतापात माझी मूठ आपोआप वळते. रांग अडली. लॉरीवाला हॉर्न वाजवायला लागला. आणि मागून कार्तिक, ज्याच्या बाटल्यांचा पुरवठा त्या आठवड्यात नेमका बंद पडला होता, बोट नाचवत पुढं आला. "सर, माझी शाई बघा, ताजी आहे. डोळे मिटून एक बटण दाबलं आणि पळालो. भरू का घागर?"

काही लोक हसले. अक्का हसली नाही. तिचा चेहरा असा उतरला की मला पाहवेना. मुठीसाठी इतकी भांडली तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं. "डोळे मिटून?" ती कार्तिकला म्हणाली. "अरे, तू समुद्रावर जात होतास ते बरं होतं." मग राजगोपालनकडे वळली. "हे घे. हे तुझे शंभर टक्के."

राजगोपालन खुर्चीवरून उठले. पाइप लॉरीवाल्याच्या हातात दिला आणि जिना चढून गेले. अक्कानं वसंताला हाताला धरून पुढं आणलं आणि तिची घागर आपल्याआधी भरली. तो ठराव पुन्हा कुणी काढला नाही, आणि फलकही दिसेनासा झाला. राजगोपालन आठवडाभर अक्काच्या दारावरून खाली मान घालून जात होते. मग तिनंच एक दिवस हाक मारली, "कॉफी थंड होतेय रे."

या खेपेच्या निवडणुकीच्या आधी अक्का आजारी पडली. हृदयाचं दुखणं. तिची मुलगी मालती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अण्णा नगरला राहते, तिनं तिकडच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं. मतदानाच्या दिवशी मालतीला थोडी उसंत मिळावी म्हणून मी सकाळीच जाऊन बसले. अक्का फार खंगली होती. पण डॉक्टर आले तशी उठून बसायला लागली. म्हणाली, मला दोन तास सोडा, तांबरमला जाऊन येते. तरुण डॉक्टर हसला. "पाट्टी, पुढच्या वेळी जा." आजीबाईंच्या गालाला हात लावून गेला.

तो हसला त्याचा तिला फार राग आला. श्वास पुरत नव्हता तरी बोलायची थांबेना. "ऐकलंस पुणेवाली? हसला! ज्याला यायचं नाही त्याला दंड लावा म्हणून टीव्हीवर बोंबलतात. जिला यायचंय तिला न्यायला एक माणूस नाही. जन्मभर मी सगळ्यांना बोलावत फिरले. मला न्यायला कुणी येईल का?" आणि मग ती रडली. मोठ्यानं, लहान मुलासारखी. मला काय करावं सुचेना. काय करणार होते? नळ्या काढून पाठुंगळीला मारून नेणार होते? सरकार, डॉक्टर, टीव्हीवरचे ते शहाणे, सगळ्यांच्या नावानं मी मनात शिव्या घालत तिचे पाय चेपत बसले.

दुपारी वसंता आली. लोकल आणि मेट्रो बदलत, डब्यात भाताची कांजी घेऊन. अक्का तिच्याकडे पाहून शांत झाली. मग एकदम माझ्याकडे वळली. "तू गेलीस का सकाळी?"

मी म्हटलं, "तुम्हाला सोडून कशी जाऊ? मालती येईल संध्याकाळी."

"संध्याकाळी सहाला बंद होतं!"

सकाळी मोठे डॉक्टर मला बाहेर बोलावून काय म्हणाले होते ते मी तिला कसं सांगणार? दिवस-दोन दिवसांची गोष्ट आहे, कधीही काहीही, असं ते म्हणाले होते. मी खुर्ची सोडली नाही. वसंता हे सगळं ऐकत उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली, कांजीचा डबा उघडला आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी बसते अक्काजवळ. मला कुठं जायचं नाहीये."

मी उठले. दारापाशी जाऊन पाय अडला. वळून पाहिलं. वसंता चमच्यानं कांजी भरवत होती आणि अक्का चमचा हातानं बाजूला सारून, त्या फुटक्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्या सगळ्या आवाजात माझ्यावर ओरडत होती,

"उभी काय राहिलीस? जा की!"